मनाचे दुखणे आणि देवाचा कौल



कोजागरीच्या रात्री पेडण्याची पुनव साजरी होते. रवळनाथ व भूतनाथ यांची तरंगे निघतात आणि ज्यांस बाधा झाली आहे असे मानले जाते, त्यांना आप्तजन देवासमोर आणतात. इकडे डिचोली महालातील शिरगावी, श्रीलईराई देवीच्या वैशाखातील जत्रेत, व्रतस्थ धोंड होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. अशा धोंडास कोणी वेडा म्हणावे काय? आणि महिनोन्‌महिने अन्न, झोप व बोलणे टाकून घराच्या कोपऱ्यात बसलेल्या माणसास केवळ बाधा म्हणून सोडून द्यावे काय? या दोन प्रश्नांचा विवेक आज करावयाचा आहे.

मानसशास्त्रज्ञ म्हणतात की, वागणे निराळे दिसले एवढ्यावरून आजार ठरत नाही. विचार, भावना किंवा वर्तन यांत ठळक बिघाड झाला आहे काय, त्यामुळे त्या व्यक्तीस क्लेश होतात किंवा तिचा कामधंदा व संसार अडतो काय, हे ते पाहतात. समाजाने मान्य केलेला आचार किंवा आप्ताच्या मृत्यूनंतरचा स्वाभाविक शोक यांस ते आजार म्हणत नाहीत. धोंड नेमधर्म पाळतो, ठरल्या दिवशी अग्नीतून जातो आणि जत्रा सरताच आपल्या कामास लागतो; तो रोगी नव्हे. आपल्या देशाच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही हाच विवेक केला आहे. विचार, मनःस्थिती, आकलन, भान वा स्मृती यांतील असा मोठा बिघाड की ज्याने निर्णयशक्ती, वर्तन, वास्तवाची ओळख किंवा नित्याचे व्यवहार ढासळतात, तो मानसिक आजार होय. कोणी समाजाच्या रूढ श्रद्धेप्रमाणे चालत नाही, एवढ्यावरून त्यास रोगी ठरविण्यास त्या कायद्याने मनाई केली आहे.

ही दृष्टी आपणांस परकी नाही. चरकसंहितेत उन्मादाचे लक्षण सांगताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. इतक्या प्राचीन काळीही आपल्या वैद्यांनी मनाच्या दुखण्यास दुखणेच म्हटले.

आता कारणांचा विचार करू. आपल्या खाजन शेतीचा बांध फुटतो तेव्हा एकच कारण सांगता येते काय? बांध मुळात कच्चा असतो, खेकड्यांनी तो आतून पोखरलेला असतो आणि त्यातच अमावास्येचे उधाण येते. मनाचेही तसेच. शरीराची व मेंदूची घडण आणि कुळातून आलेली प्रवृत्ती हे एक कारण. लहानपणचे आघात व विचारांच्या सवयी हे दुसरे. दारिद्र्य, कर्ज, कलह, एकटेपणा यांचे उधाण हे तिसरे. अमेरिकन वैद्य जॉर्ज एंगेल यांनी 1977 साली या तिन्ही अंगांचा एकत्र विचार करण्याचा आग्रह धरला. म्हणून रुग्णास, “हे तुझ्या पापाचे फळ”, असे म्हणणे हे अज्ञानही आहे आणि क्रौर्यही.

गोव्याच्या भूमीनेही या शास्त्रास एक द्रष्टा दिला. 1756 साली कांदोळी येथे जन्मलेले आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये प्रतिपादन केले की, मोहनिद्रा ही प्रयोग करणाऱ्याच्या अंगातील कोणत्याही चुंबकीय शक्तीने येत नाही. तिचे मूळ प्रयोगास बसलेल्या माणसाच्या स्वतःच्या मनात असते. श्रद्धेचा शब्द मनावर किती खोल परिणाम करतो, हे यावरून ध्यानी येते. मग तो शब्द उच्चारणाऱ्यावर केवढी जबाबदारी आहे बरे!

गीतेचा आरंभ आठवा. अर्जुनाची गात्रे गळाली, तोंडास कोरड पडली, गांडीव हातून निसटले. तो रोगी होता असे नव्हे. परंतु खचलेल्या मनाशी कसे बोलावे, हे तेथे शिकावयास मिळते. भगवंतांनी प्रथम, हे दुर्बल्य तुला शोभत नाही, असे बजावले. त्याने अर्जुन उठला नाही. उलट लढणार नाही म्हणून स्तब्ध बसला. त्यानंतर भगवंतांनी त्याच्या एकेका शंकेचे समाधान केले, आणि तेव्हा अठराव्या अध्यायाअंती अर्जुन उभा राहिला. आपण मात्र, “मन घट्ट कर”, एवढे बोलून मोकळे होतो!

“देवाचा कौल घेतला, मग डॉक्टर कशास?” असे कोणी विचारील. चरकाने दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यात देवपूजा व मंत्र, दुसऱ्यात औषध व आहार, तिसऱ्यात अहितापासून मनास आवरणे येते. एकाने दुसऱ्याची वाट अडवावी, असे त्याने सांगितलेले नाही. तेव्हा प्रसाद अवश्य लावा, गाऱ्हाणे अवश्य घाला. पण रुग्णास डॉक्टरांकडे न्या आणि चालू असलेले औषध कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.

मुलीचे लग्न अडेल या भयाने दुखणे झाकून ठेवू नका. रुग्णास कोंडू नका, बांधू नका. 2001 साली तामिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले 28 रुग्ण आगीत होरपळून मेले. दर्ग्याच्या आश्रयाने बरे वाटेल या आशेने त्यांना तेथे आणले होते. आज रुग्णास साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे. बांबोळी येथे सरकारी मानसोपचार संस्था आहे. गोव्यात झालेल्या व 2010 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ या अभ्यासात असे दिसले की, सरकारी आरोग्यकेंद्रांत साध्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांची जोड दिल्यास खिन्नता व चिंता यांनी ग्रासलेले अधिक रुग्ण बरे होतात. जगणे नकोसे झाले असे कोणी म्हणाल्यास ते थट्टेवारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर साहाय्य मागा.

देवळाच्या पायरीवर आपण पांगळ्यास हात देतो. ज्याचे मन पांगळे झाले आहे, त्यासही तोच हात द्यावा. श्रीभगवती व श्रीलईराई आपणां सर्वांस ही सुबुद्धी देवोत.