काय ठेवायचे, काय नाही

उसाचे बिल खात्यावर जमा झाले की सांगवी-माळेगावच्या पट्ट्यातली माणसे बारामतीच्या दुकानांकडे वळतात. कोणाला फ्रीज हवा असतो, कोणाला वॉशिंग मशीन, कोणाचा जुना पंखा यंदा दगा देऊन गेलेला असतो. दुकानात शिरताना गिऱ्हाइकाला वाटते, आता निवड आपण करणार. पण निम्मी निवड आधीच उरकलेली असते. शेकडो मॉडेलांतले कोणते दहा-बारा नग दर्शनी भागात उभे करायचे, हे दुकानदाराने ठरवलेले असते. त्यामागे कधी कंपनीची स्कीम असते, कधी महिनाअखेरचे टार्गेट, तर कधी गोदामात अडकलेला माल.

जे दुकानात नाही ते गिऱ्हाईक मागत नाही, कारण तसे काही मिळते हेच त्याला ठाऊक नसते. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काय ठेवायचे हा प्रश्न धंद्याचा आहे तितकाच नीतीचाही आहे.

साधा छताचा पंखा घ्या. जुन्या पद्धतीचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी मोटरचा पंखा तीसेक वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला पंधरा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर एका पंख्यामागे सुमारे दोनशे युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरा. सोळाशे रुपये झाले. हा पंखा हजार-दीड हजाराने महाग असतो, म्हणजे वर्षभरात फरक वसूल. तरीही स्वस्त पंख्यांची रांग पुढे आणि हा मागे कोपऱ्यात, असे का? स्वस्त माल चटकन खपतो आणि विजेचे बिल दुकानदाराला भरायचे नसते, म्हणून.

एसीच्या बाबतीत तर तारीखच बघावी लागते. जुलै २०२२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने एसीसाठीचे निकष कडक केले आणि आधीचा पंचतारांकित एसी नव्या मोजमापात चार ताऱ्यांवर आला. निकष असे बदलतात तेव्हा जुन्या लेबलचा माल विकता येतो की नाही, हे नियमात शोधता येईल. पण लेबलवरचे साल गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवायचे की नाही, हे दुकानदाराच्या मनावरच असते.

निवड गावाच्या पाण्यावरही अवलंबून असते. इथल्याच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० मध्येच पुस्तिका लिहिली होती. कालव्याचे पाणी आले, ऊस आला आणि सोबत क्षारही वर आले. जिथे बोअरचे पाणी जड आहे, तिथे गिझरच्या कॉइलवर थर साचतो आणि टाकी आतून गंजते. अशा गावच्या माणसाला टाकीला आतून काचेचा लेप असलेला गिझर दाखवायला हवा. टाकीला गंजण्यापासून वाचवणारा अॅनोड रॉड ठरावीक काळाने बदलावा लागतो, हेही सांगायला हवे. नळाला दाब नसलेल्या घरी फुल्ली ऑटोमॅटिक मशीन गळ्यात मारण्यापेक्षा सेमी-ऑटोमॅटिक बरे. पुण्या-मुंबईच्या शोरूमची यादी जशीच्या तशी उतरवून इथला माल ठरत नाही.

काही वस्तूंबाबत तर निवडीला जागाच नाही. पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, गिझर यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मोबाइलचे चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवे यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी लागते. तरी काउंटरवर बिननावाच्या चार्जरचे हार लटकतातच. तिथे मार्जिन भरपूर असते. एखादा चार्जर पेटला की झळ लागते ती घेणाऱ्याच्या घराला.

दुकानदाराचीही बाजू आहे. भांडवल अडकते, ऑनलाइनवाले भाव पाडतात, कंपनी ठरावीक माल उचलायला लावते. सगळे ब्रँड ठेवणे त्याला परवडत नाही. पण चांगली निवड म्हणजे जास्त माल नव्हे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हा प्रश्न उलट्या टोकाने सोडवला. बिंदुमाधव जोशी आणि सुधीर फडके यांच्यासारख्या माणसांनी उभ्या केलेल्या या चळवळीत सभासद कुटुंबे गट करून आपली महिन्याची गरज आधी कळवतात. मग पंचायत दर्जा पाहून घाऊक खरेदी करते. तिथला व्यवहार मुख्यतः किराण्याचा आहे, पण आधी गरज आणि मग खरेदी हा क्रम टीव्ही-फ्रीजलाही लागू पडतो. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारी प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या वारणा बाजारने खेड्यात मोठे बहुविभागी दुकान चालू शकते हे दाखवून दिले. तिथे गिऱ्हाईक हाच सभासद असल्याने फसवायचे कोणाला, हा प्रश्नच उरत नाही.

खासगी दुकानदाराला सहकारी संस्था काढायची गरज नाही. गेल्या वर्षीची तक्रारींची वही उघडली तरी पुरे. कोणते मॉडेल तीनदा परत आले, कोणत्या कंपनीचा मेकॅनिक आठवडाभर फिरकला नाही, कोणत्या मिक्सरचा सुटा भाग मिळालाच नाही, ते तिथे लिहिलेले असते. ते नग पुढच्या खरेदीतून काढून टाकावेत, स्कीम कितीही गोड असली तरी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून लागू आहे. उत्पादकाची सूचना किंवा धोक्याचा इशारा विक्रेत्याने पुढे पोहोचवला नाही आणि त्यातून इजा झाली, तर त्याच्यावरही जबाबदारी येते.

गिऱ्हाइकानेही थोडे तोंड उघडावे. ‘स्वस्तातला दाखवा’ म्हणण्याआधी ‘वर्षाला किती युनिट खातो, मेकॅनिक कुठून येतो’ असे विचारावे. आयएसआय चिन्ह किंवा नोंदणी क्रमांक पाहावा, पक्के बिल मागून घ्यावे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.