चौथा खूर

माणदेशातला एक कुलकर्णी रामेश्वराच्या यात्रेला निघाला. गाठोड्यात धोतरजोडी, मेतकूट, तोंडाला लाख लावलेला गंगेचा गडू आणि एक वही. वहीत तो दानधर्म लिहायचा. पंढरपुरी आंधळ्याला पैसा, श्रीरंगपट्टणच्या घाटावर गोसाव्याला शेरभर तांदूळ, असं सगळं तिथीवार. त्याला चिक्कू म्हणता येणार नाही, कारण तो देत होता. फक्त दिलेलं कागदावर चढल्याशिवाय त्याला दिल्यासारखं वाटत नसे. जन्मभर गावाचा वसूल लिहिण्यात गेलेला. जे दप्तरात नाही ते घडलंच नाही, अशी त्याच्या बोटांचीच समजूत झालेली.

काळ तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांचा. कावेरीकाठी पोचलेल्या मराठी यात्रेकरूला परमुलखात आल्यासारखं वाटू नये, असे ते दिवस. कचेरीत मोडी चालायची, बाजारात मराठी कळायची, आणि देवळातल्या गुरुक्कलना, म्हणजे पुजाऱ्यांनाही, दरबारी माणसांमुळे कामापुरती मराठी येत असे.

कुंभकोणहून पश्चिमेला निघालं की स्वामीमलैजवळ तिरुवलंचुळी लागतं. तिथं कपर्दीश्वराचं ऐसपैस देऊळ आहे, पण पाय आधी थबकतात ते पांढऱ्या गणपतीपाशी. समुद्रमंथनाला लागताना देव गणपतीला पुजायचं विसरले, म्हणून अमृताआधी हलाहल वर आलं. मग घाबरून त्यांनी समुद्राच्या फेसाचीच मूर्ती केली, तीच ही, असं सांगतात. पुढच्या मंडपात काळ्या दगडात कोरलेली जाळी अशी आहे, की लाकूडकामातही ती अवघड जावी. जुने शिल्पी म्हणे काम घेताना आधीच सांगून ठेवत: बाकी काहीही मागा, तिरुवलंचुळीची जाळी मागू नका.

कुलकर्ण्याला जाळीशी कर्तव्य नव्हतं. त्याला पंचामृताचा अभिषेक करायचा होता आणि त्याची रक्कम त्यानं आदल्या रात्रीच वहीत टाकली होती. गुरुक्कल म्हणाले, ‘या गणपतीला अभिषेक नाही. फेसाचा देव, पाणी कसं घालणार? भीमसेनी कापराची पूड वरून सोडायची, झालं.’

लिहिलेली रक्कम खोडावी लागणार, म्हणून कुलकर्णी खट्टू झाला. कापराचे पैसे दिले आणि देऊळ बघत फिरू लागला. एका ऋषीच्या मूर्तीपाशी थांबून त्यानं विचारलं, ‘हे कोण?’

‘हेरंड मुनी. यांच्यामुळे इथं कावेरी आहे.’

मग गुरुक्कलनी गोष्ट सांगितली. चोळ राजानं कावेरी आपल्या मुलखात आणली, पण इथं पोचल्यावर ती एका विवरात शिरली आणि दिसेनाशी झाली. खालच्या अंगाची शेतं कोरडी पडली. राजानं देव आळवला, तेव्हा आकाशवाणी झाली: राजानं, नाहीतर त्याच्या तोलाच्या एखाद्या ऋषीनं या विवरात देह टाकला, तरच ते मिटेल. राजा तयार झाला होता. जवळच कोट्टैयूरला हेरंड मुनी तपाला बसले होते. त्यांच्या कानावर हे गेलं. ते उठले, चालत आले आणि विवरात उतरले. विवर मिटलं. नदी वर आली आणि देवाला उजवा वळसा घालून पुढे वाहू लागली.

‘राजा जाणार होता ना?’ कुलकर्ण्यानं विचारलं.

‘हो.’

‘मग हे का गेले? काठाला यांची जमीन होती का?’

‘तपस्व्याला कसली जमीन?’

‘मोक्ष मिळणार होता?’

‘तो तपानं मिळतच होता. उलट तप अर्ध्यावर राहिलं.’

‘कोणी आज्ञा केली होती?’

‘आकाशवाणीत नाव नव्हतं कोणाचं.’

‘मग?’

गुरुक्कल थोडे हसले. ‘तीस वर्षं मी ही गोष्ट सांगतोय. लोक विचारतात, नदी नेमकी कुठून बाहेर आली ती जागा दाखवा. हे का गेले, असं तुम्हीच पहिल्यांदा विचारताय. मला माहीत नाही.’

त्या रात्री कुलकर्ण्यानं वहीत कापराचे पैसे लिहिले आणि सवयीनं खाली आणखी एक ओळ घातली: हेरंड मुनी, खर्ची देह. जमेकडे काय मांडावं ते सुचेना. हिशेब असा लोंबकळत राहिला की त्याला झोप लागत नसे. पुढचे दोन-तीन मुक्काम तो सोबत्यांशी चिडूनच वागला.

तंजावर मागं टाकून यात्रेकरू ओरतनाडला आले. तिथं मुक्तांबेच्या नावानं सरफोजींनी बांधलेलं छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, आहे. कुलकर्णी आणि त्याची तिथली रात्र या गोष्टीतली आहे, छत्र मात्र खरं, आणि पुढं येणारे नियमही खरे. १७९९ च्या तहानं तंजावरचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजाकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग उरला. ही छत्रं तरी आपल्याकडेच राहावीत, म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला एक पत्र धाडलं आणि छत्रांमध्ये काय काय चालतं ते त्यात सविस्तर कळवलं. गरजेपोटी लिहिलेलं पत्र आहे, थोडा रंग चढवलेला असेलही. पण रंग चढवताना माणूस कशाचा अभिमान मिरवतो, त्यावरूनही त्याची पारख होतेच.

येणाऱ्या प्रत्येकाला, तो कुठल्याही जातीचा असो, जोगी असो, जंगम असो की बैरागी, शिजलेला भात. शिजलेलं चालत नसेल त्याला कोरडा शिधा. तान्ह्यांना दूध. वाटेत आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचं जेवण, बरा होईपर्यंत. सापाविंचवाचं विष उतरवणारे वैद्य. परक्या मुलखातल्या प्रवाशांची पोरकी झालेली मुलं पंतोजींच्या हवाली. त्यांना तीनदा जेवण, दर चौथ्या दिवशी तेल, कपडे, विद्या, आणि पुढे लग्नाचा खर्चसुद्धा. गरोदर बाई छत्रात बाळंत झाली तर सगळा खर्च छत्राचा आणि तीन महिने राहण्याची मुभा. कोणी तिथं मेलाच, तर त्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी. जातीची वाटणी होतीच, ती नव्हती असं म्हणण्यात अर्थ नाही.

या सगळ्यात मला थांबवतो तो एक बारीक नियम. जेवणं मध्यरात्रीपर्यंत चालत. मध्यरात्री घंटा वाजे, आणि जो कोणी अजून जेवला नसेल त्यानं यावं, त्याच्यासाठी केलेला भात घ्यावा, असं पुकारलं जाई. भुकेल्याला घालणं आपल्याकडे नवं नाही. पण भुकेला लाजून बोलला नाही, तरी कोण राहिलं ते आपण होऊन विचारायचं, आणि तेही सगळं आवरून अंग टाकायच्या वेळी! हा नियम ज्याला सुचला त्यानं कधीतरी उपाशी झोपलेला माणूस पाहिला असणार.

कुलकर्ण्यानं शिधा घेतला, ओसरीच्या टोकाला चूल मांडून आपला आपण भात केला, धोतर धुऊन वाळत टाकलं आणि पंच्यावर आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच घंटा झाली. आचारी दारात येऊन तमिळ, तेलुगू आणि मराठीत ओरडला, ‘राहिलंय का कोणी?’

दोन बैरागी आले. एक म्हातारा आला. मग कोणी नाही. आचाऱ्यानं भाताच्या भांड्याकडे पाहिलं आणि देवडीवाल्याला म्हणाला, ‘संध्याकाळी चिंचेखाली एक बाई बसली होती. ती आली नाही.’

‘नसेल यायचं तिला.’

‘बघून ये.’

देवडीवाला मशाल घेऊन गेला आणि धावत परत आला. बाईला कळा सुरू झाल्या होत्या, उठवत नव्हतं. सोबत कोणी नाही, गाव सांगत नाही. आचाऱ्यानं पाण्याचं आधण ठेवायला पोराला पिटाळलं, सुईणीला निरोप धाडला आणि कोठीमागची बाज ओढून काढली. म्हणाला, ‘उचला.’

आचारी, देवडीवाला आणि म्हातारा. तिघेच. बैरागी जेवत होते, त्यांचे हात भातात. कुलकर्णी पंच्यावर उठून बसला होता. बाई कोणाची, कुठली, काही ठाऊक नाही. बाळंतिणीचा विटाळ, तोही परक्या जातीचा. अंगावर नेसूचं तेवढं एक, दुसरं धोतर दोरीवर ओलं. पहाटे थंड पाण्यानं आंघोळ, मग प्रायश्चित्त. त्याच्या डोक्यात हे सगळं हिशेबानं उतरत होतं. खर्चाची बाजू भराभर भरत होती.

तिघांनी बाज चिंचेपर्यंत नेली. ती तर रिकामीच होती. बाईला वर घेऊन उचलायला गेले, तेव्हा एक कोपरा खाली राहिला आणि बाज कलली. बाई ओरडली.

पुढं नेमकं काय झालं, ते कुलकर्ण्याला मागाहून आठवून सांगता आलं नाही. आपण ओसरीवरून उतरलो कधी, हेही नाही. हातात चौथा खूर आला तेव्हा तो दवानं गार लागला, एवढं आठवत होतं. आणि आचारी ‘सांभाळून, पायरी आहे’ म्हणाला, ते.

बाई आत पोचली. दार लागलं. कुलकर्णी अंघोळीला विहिरीकडे वळला, तर आचारी म्हणाला, ‘अंघोळ पळत नाही. आधी लाकडं आणा, आधण निवायला लागलंय.’ कुलकर्ण्यानं लाकडं आणली. मग आणखी आणली.

पहाटे मुलगी झाली.

सोबतचे यात्रेकरू उठले, त्यांना रात्रीची हकीकत कळली, आणि कुजबूज सुरू झाली. त्यांच्यातले एक वडीलधारे शास्त्री त्याला बाजूला घेऊन म्हणाले, ‘कुलकर्णी, अहो, इतकी माणसं होती छत्रात. तुम्हीच कशाला?’

‘तीन जण होते,’ कुलकर्णी म्हणाला.

‘हाक मारली असती तर चौथा आला असता कोणी.’

‘आला असता.’

‘मग?’

कुलकर्ण्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. शास्त्री वाट पाहत राहिले. शेवटी तो म्हणाला, ‘शास्त्रीबुवा, प्रायश्चित्त काय ते सांगा, मी घेतो. हे नका विचारू.’

शास्त्रींनी प्रायश्चित्त सांगितलं, त्यानं घेतलं. निघायची वेळ झाली. गाठोडी बांधली जात होती, तेवढ्यात छत्राचा कारकून दौत-लेखणी घेऊन ओसरीवर बसला. बाळंतिणीचा खर्च सरकारी, त्याची नोंद हवी. त्यानं मोडीत झरझर लिहिलं: बाई एक, मूल एक, तूप, गूळ, दूध रोजचं, मुदत. तो ओळ संपवतोय तोच कुलकर्णी त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागला. परक्याच्या दप्तरात डोकावणं वाईट, हे त्याला कळत होतं. पण मोडी दिसली की त्याचा इलाज चालत नसे.

‘मुदत एक महिना लिहिलीत,’ तो म्हणाला.

‘बाई धडधाकट आहे. महिन्यात जाईल.’

‘नियम तीन महिन्यांचा आहे ना? रात्री आचारी म्हणाला.’

‘तीन महिन्यांपर्यंत राहता येतं, राव. राहायलाच हवं असं नाही.’

‘ते तिला ठरवू दे. तुम्ही तीन लिहा.’

कारकुनानं वर पाहिलं. बाहेरून सोबती हाका मारत होते, ऊन चढायच्या आत पट्टुकोट्टैची वाट धरायची होती. कुलकर्णी हलेना. पस्तीस वर्षं त्यानं गावात हेच पाहिलं होतं: कागदावर एक असेल, तर देणारा अर्धाच देतो. कारकुनानं कपाळाला आठ्या घालत एकाचे तीन केले.

‘झालं?’

‘दूध?’

‘तेही तीन महिने.’

‘आकड्यात लिहिलंत,’ कुलकर्णी म्हणाला आणि गाठोडं खाली ठेवून त्याच्यासमोर बसला. ‘अक्षरीही लिहा. आकडा खोडायला काय लागतं?’