आधीच ठरलेलं

जपानला ग्रुप घेऊन गेलं की साधारण तिसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘आपल्याकडे हे शक्य नाही.’ तोवर टोक्यो पाहून झालेलं असतं. फुजीने दर्शन दिलेलं असतं किंवा ढगांत तोंड लपवलेलं असतं. आणि शिन्कान्सेनच्या प्लॅटफॉर्मवर, आखलेल्या रेघांच्या आत, आमची मंडळी शहाण्यासारखी उभी असतात. गाडी येते, दार नेमकं रेघेसमोर उघडतं, आणि कुणीतरी काका मान हलवत ते वाक्य म्हणतात. त्यात कौतुक असतंच, पण मला त्यात सुटकेचा सूरही ऐकू येतो. शक्यच नाही म्हटलं की पुढे काही विचारायला नको.

टूर लीडर असल्यामुळे मला त्या प्लॅटफॉर्मची मागची बाजू ठाऊक असते. हाकोनेहून क्योतोला जाताना ओदावाराला गाडी पकडायची तर ती जेमतेम मिनिटभर थांबते. तेवढ्यात तीसेक माणसं चढवायची, त्यांतल्या निम्म्यांचे गुडघे कुरकुरणारे. म्हणून मोठ्या बॅगा आदल्या दिवशीच कुरियरने पुढच्या हॉटेलला रवाना होतात. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर भरणारी बॅग गाडीत न्यायची तर २०२० पासून तिच्यासाठी जागा आधी राखून ठेवावी लागते. रात्री जेवणानंतर मी सगळ्यांना डब्याचा नंबर, दाराची बाजू, कोण पुढे आणि कोण मागे हे पाठ करून घेते. जपानी शिस्त म्हणून जी काकांना दिसते, तिच्यात आदल्या रात्रीची ही घोकंपट्टीही असते, आणि ती करणारे काका ठाण्याचे असतात.

ही शिस्त जपान्यांच्या रक्तातच आहे, असंही सांगितलं जातं. तसं नाही. १८५० च्या दशकाच्या अखेरीस नागासाकीत शिकवायला आलेला काटेंडायके हा डच आरमारी अधिकारी जपान्यांच्या वेळ न पाळण्यावर वैतागला होता. पूर्वी जपानमध्ये दिवस आणि रात्र यांचे प्रत्येकी सहा भाग करत, आणि ते भाग ऋतूप्रमाणे लांबत-आखडत. सगळीकडे सारख्या लांबीचा तास १८७३ मध्ये आला, पहिली रेल्वे धावू लागल्यानंतर वर्षाच्या आत. पुढे शाळा, कारखाने आणि सैन्य यांनी तो तास माणसांच्या अंगात भिनवला. १९२० मध्ये वेळेचं महत्त्व पटवण्यासाठी १० जून हा खास दिवस पाळायला सुरुवात झाली, म्हणजे तेव्हाही ते पटवावं लागत होतं! २०१७ मध्ये टोक्योजवळच्या एका मार्गावर गाडी वीस सेकंद आधी सुटली म्हणून रेल्वे कंपनीने माफी मागितली, ती या दीर्घ शिकवणीच्या दुसऱ्या टोकाला.

तर जपानमध्ये पुष्कळ गोष्टी आधी ठरतात, आणि आमचा ग्रुप ऐन वेळी ठरवणाऱ्यांचा. माझी नोकरी या दोहोंच्या मधल्या फटीत आहे. जेवणाचंच घ्या. तिथल्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची. वरून निव्वळ भाजीचा दिसणारा पदार्थ तिच्यात शिजलेला असू शकतो. म्हणून शाकाहारी, जैन, अंडं चालणारे, न चालणारे अशा याद्या आम्ही कितीतरी आधी पाठवतो. एका हॉटेलच्या आचाऱ्याने ती यादी वाचून फोन केला होता, जैन मंडळींना कांद्याची पात चालेल का हे विचारायला. आम्ही मुंबईहून निघालोही नव्हतो. त्याच हॉटेलात संध्याकाळी एका काकूंना आठवलं की आज एकादशी. ‘अगं, दोन बटाटे उकडून मागायचेत फक्त.’ आचारी वाकून, पुन्हा वाकून, नाही म्हणाला. काकूंना वाटलं, माणूस हट्टी आहे. मला त्या नकारामागे तो फोनच दिसत होता. जे नीट होईल याची खात्री नाही ते तो हाती घेणार नव्हता. आपल्याकडचा आचारी ‘बघतो’ म्हणाला असता, आणि बटाटे आलेही असते. कोणत्या पातेल्यातून आले हे कुणी विचारलं नसतं. दोन्ही तऱ्हांत आस्था आहे असं मी मानते. फक्त एकीला पूर्वसूचना लागते आणि दुसरीला जरा डोळेझाक.

बसच्या ड्रायव्हरशी असाच खटका उडतो. क्योतोत संध्याकाळी गियोनमध्ये ‘अजून अर्धा तास’ हवा असतो. ड्रायव्हर घड्याळ दाखवतो. जानेवारी २०१६ मध्ये स्कीइंगसाठी निघालेली रात्रीची बस कारुइझावात दरीकडे कोसळून पंधरा जण गेले, बहुतेक विद्यार्थी. त्यानंतर बस कंपन्यांवरचे नियम कडक झाले, आणि एप्रिल २०२४ पासून ड्रायव्हरच्या दोन पाळ्यांमधली सक्तीची विश्रांतीही वाढली. हे सांगितलं की बसमध्ये कुरकुर थांबते. आपल्याला अर्ध्या तासाची अडचण वाटली ती दुसऱ्या कुणाची झोप होती, हे लोकांना चटकन कळतं. सांगावं मात्र लागतं.

साकुराचं, म्हणजे चेरीच्या बहराचं, मात्र कुणी काही ठरवू शकत नाही, ही त्यातली गंमत. तिकिटं वर्षभर आधी विकायची आणि फुलांनी २०२३ मध्ये टोक्योत १४ मार्चलाच उमलायचं, २०२४ मध्ये २९ मार्चपर्यंत अडून बसायचं. त्याचा जाब मला विचारला जातो.

हिरोशिमा येईपर्यंत ग्रुप वेळापत्रकाच्या प्रेमात पडलेला असतो. शांतता संग्रहालयात शाळकरी मुलांचे फाटलेले, जळालेले गणवेश आहेत. ही मुलं त्या सोमवारी सकाळी शाळेत का नव्हती, असं कुणीतरी विचारतंच. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहरातल्या घरांच्या रांगा पाडून मोकळे पट्टे करायचं काम चालू होतं, आणि त्यावर बारा-तेरा वर्षांची मुलंमुली नेमली होती. ६ ऑगस्ट १९४५ ला आठच्या सुमाराला ती शहराच्या मध्यभागी कामाला लागली. बॉम्ब सव्वाआठला पडला. या कामावरची सुमारे सहा हजार मुलं गेली. त्या दिवशी आजारपणामुळे घरी राहिलेली काही वाचली.

बॉम्ब कुणी टाकला आणि त्याचा दोष कुणाचा, हे मला पुसट करायचं नाही. पण आठवडाभर वक्तशीरपणाचं कौतुक केलेल्या माणसांना मी इथे एवढं सांगते की ही मुलंही वेळेवर आली होती. यादी होती, तुकड्या होत्या, हजेरी होती. व्यवस्था चोख होती. ती राबवणाऱ्या सत्तेला मात्र ही मुलं कामाचे हात म्हणूनच दिसत होती. ड्रायव्हरची झोप राखणारा नियम आणि मुलांना राबायला बोलावणारी ती यादी, दोन्ही आधी ठरवलेलंच. एवढ्यावरून त्यांतलं काहीच चांगलं ठरत नाही. कुणी ठरवलं आणि त्याची किंमत कोण मोजतंय हे पाहावं लागतं. ‘आपल्याकडे शक्य नाही’ म्हणून जपानला देव्हाऱ्यात बसवलं की हा प्रश्न उरतच नाही, आणि मुंबईच्या बसड्रायव्हरची झोपही विषयाबाहेर जाते. त्यावर एकदा एक काका म्हणाले, ‘मॅडम, आम्ही फिरायला आलोय.’ बरोबरच आहे. मी आवरतं घेतलं.

परतीच्या आदल्या दिवशी पुन्हा टोक्यो. असाकुसाच्या मोठ्या देवळापासून सुमिदा नदीच्या बाजूला थोडं चाललं की मात्सुचियामा शोदेन लागतं. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपती, बौद्ध मार्गाने जपानला पोचलेला. त्याला वाहतात मुळा. मूर्ती गुप्त ठेवलेली असते, दर्शन कुणालाच नाही. ‘एवढ्या लांबून आलोय’ हे इथे चालत नाही, तरी ते म्हणून झालं. मग सगळ्यांनी मुळे विकत घेऊन वाहिले, दबक्या आवाजात आरतीही झाली. निघताना देवळाने आधी वाहिलेले दोन मुळे प्रसाद म्हणून हातावर ठेवले, पांढरेशुभ्र, हातभर लांब.

आता याचं करायचं काय, यावर जोरात चर्चा झाली. बसमध्ये खायला बंदी, विमानात नेणं अवघड. एकादशीवाल्या काकूंनी सगळ्यांना गप्प केलं. रात्री हॉटेलच्या खोलीत त्यांनी मुळ्याची कोशिंबीर केली. किसणी त्यांच्याकडे होती. दाण्याचं कूट, मीठ, साखर आणि जिऱ्याची पूड यांच्या पुड्या त्यांनी ठाण्याहून निघतानाच बांधून घेतल्या होत्या, प्रत्येकीवर नाव लिहून.