डावे-उजवे आणि वीणेचा पहारा

वारकरी बंधुभगिनींनो, पांडुरंगाची मूर्ती डोळ्यांपुढे आणावी. दोन्ही चरण विटेवर सम, दोन्ही कर कटेवर सम. देवाने डावे-उजवे सारखे ठेवले. भांडण लावले ते माणसाने. राजकारणातले हे शब्द तरी कोठले? १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रसभेत राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजवीकडे बसत आणि विरोधक डावीकडे. मुळात ही बसण्याची जागा. तिची आपण जात करून टाकली!

काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतील एका मूळ गावाहून आम्हांस दोन आमंत्रणे आली. देऊळ एक, तिथी एक, पण सप्ताह दोन, पावतीपुस्तके दोन! चौकशी करता कळले की गावातल्या दोन चुलतभावांचे बोलणे बंद आहे. थोरल्याने जन्मभर लाल बावटा वाहिलेला, धाकटा कमळाच्या पक्षाचा. त्यांच्यापायी टाळकरीही वाटले गेले होते. आम्ही निरोप धाडला, "कीर्तनाला येऊ, पण वीणा एकच उभी राहील."

ही गावे कोणती, ते ध्यानी घ्यावे. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. सातबारा गेला, मिठागरे गेली. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून मान्य झाले. गोळीने कोणाचा पक्ष विचारला नव्हता.

म्हणूनच विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे या मागणीसाठी १० जून २०२१ रोजी मानवी साखळी झाली, तेव्हा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष हातात हात धरून उभे राहिले. २०२२ साली राज्य विधिमंडळानेही तसा ठराव केला. त्याआधीचा मोठा दाखला संयुक्त महाराष्ट्र समितीचा. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी ती पुण्यात स्थापन झाली. तीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेकाप होता. जनसंघ आणि हिंदुमहासभाही होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि समितीची एकी विरत गेली. गरज सरो, वैद्य मरो! गरजेची एकी गरजेपुरतीच टिकते. तिला नित्यनेमाची जोड लागते.

तो नेम कोणता? न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून बोलणे हा वाद. जिंकण्यासाठी बोलणे हा जल्प. आणि आपले काहीच न मांडता दुसऱ्याचे मोडत सुटणे ही वितंडा. पाठशाळेत आमचे गुरुजी खंडनाआधी पूर्वपक्ष मांडायला लावीत. तोही असा, की समोरचा म्हणाला पाहिजे, "होय, माझे म्हणणे हेच." पूर्वपक्ष लंगडा निघाला तर पुढचा सिद्धान्त ऐकून न घेता ते आम्हांस खाली बसवीत.

त्या गावी पोहोचताच आम्ही दोघा भावांना देवळात बसविले. म्हटले, "बाबांनो, भांडा, पण आधी एकमेकांचा पूर्वपक्ष मांडा."

बराच वेळ कोणी बोलेना. मग थोरला म्हणाला, "ह्याचं म्हणणं, किती दिवस सरकारच्या दारात उभं राहायचं? पोरांनी धंद्यात उतरावं. आणि गावाचं शहर झालं तरी देव, जत्रा, रीतभात टिकली पाहिजे."

धाकट्याने मान हलविली. तो म्हणाला, "दादाचं म्हणणं, जमीन सगळ्यांची गेली. ज्याच्याकडे भांडवल तो धंदा करील. बाकीच्यांनी काय करायचं? एकट्याला कोणी विचारीत नाही, म्हणून हक्क मिळून मागायचा."

थोरल्याने एकदम वर पाहिले. "एवढं ठाऊक होतं, मग बोलला का नाहीस रे?"

धाकट्याकडे उत्तर नव्हते. आपल्यापैकी कितीजणांकडे आहे?

मंडळी, दोघांचे दुःख एकच होते: नातवांना शेताचा बांध दाखविता येत नाही. एक ते हक्काने भरू पाहतो, दुसरा कर्तृत्वाने आणि परंपरेने. मार्ग निराळे, जखम एक.

त्या रात्री दोनचा पहारा थोरल्याला दिला, तीनचा धाकट्याला. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. देणाऱ्याने पाया पडावे, घेणाऱ्याने पाया पडावे, मग गळ्यातून गळ्यात घालावी. तीन वाजता आम्ही मुद्दाम जागे राहिलो. थोरला वाकला, धाकटाही वाकला. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचे हात एकमेकांच्या पायांना लागले.

पुढच्या निवडणुकीत दोघांनी आपापल्याच पक्षाचे काम केले. करावेच. एकी म्हणजे मत सोडणे नव्हे आणि अन्यायावर पांघरूण घालणेही नव्हे. पण गावात पावतीपुस्तक एकच राहिले, आणि गावठाणाबाहेरच्या घरांचा प्रश्न घेऊन कचेरीत जाताना दोघे एकाच रिक्षात बसू लागले.

तेव्हा वारकऱ्यांनो, ज्याचे मत सोसवत नाही, त्याचे म्हणणे त्याच्यासमोर, त्याला पटेल असे एकदा मांडावे. मग खुशाल खंडन करावे. आणि वीणा द्यायची वेळ आली की वाकावे.

राम कृष्ण हरी.