पाणी कोणाच्या बांधीत सोडायचं?

आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाची बांधी म्हणजे पावसाळाभर एक लहान तळंच असते. तिच्यात धान असतं, तशीच मासोळी, खेकडे, बेडकंही असतात. म्हणून सारस तिथं घरटं घालतो. उभा राहिला तर माणसाएवढा उंच होणारा हा पक्षी महाराष्ट्रात आता जवळपास आमच्या गोंदिया-भंडारा भागातच उरला आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या बांधीच्या कोपऱ्यात जोडीनं गवत-काड्यांचा ढीग रचला. दोन अंडी. तेवढी जागा मी रोवणीतून सोडली. पायलीभर धान गेलं असेल. गावातले वाहवा करायचे, मलाही बरं वाटायचं. आपण पुण्यवान झालो, असं मनात आलं होतं. खोटं कशाला सांगू!

मग झड लागली. तीन दिवस पाणी थांबेना. बांधी भरत चालली, घरटं बुडायला आलं. मादी चोचीनं काड्या ओढून ढीग वाढवत होती. धुऱ्याला तोंड पाडलं असतं तर पाणी उतरलं असतं, पण ते जाणार शेजाऱ्याच्या बांधीत. त्याची रोवणी होऊन चारच दिवस झालेले.

मुलगा म्हणाला, "बाबा, रात्री फोडून टाका. सकाळी म्हनू, पान्यानं फुटला."

मी फावडं घेऊन निघालोसुद्धा. धुऱ्यावर उभा राहिलो आणि हात उचलेना. पायलीभर धान मी सोडलं ते माझं होतं. शेजाऱ्याचे पऱ्हे कोणाचे? दुसऱ्याच्या ताटातला घास उचलून पाखराला घातला, तर त्याला दान म्हणायचं की चोरी? आणि फोडलं नाही तर अंडी जातात, ती तर कोणाच्याच सातबाऱ्यावर नाहीत. त्यांच्या बाजूनं कोण बोलणार?

तसाच ओला शेजाऱ्याच्या दारात गेलो. तो उखडला. "पाखरं तुज्या बांधीत, अना पानी माज्या बांधीत? वा गा!"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी गप्प बसलो. बराच वेळ तोही गप्प. मग उठून त्यानं पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि म्हणाला, "खालच्यालाबी उठवू. आधी त्याचा धुरा फोडू, मंग माजा, मंग तुजा. पानी थांबलं नाई त कोनाचंच जात नाई."

नाल्याकडून वर येत तिघांनी तीन धुरे फोडले. उजाडेपर्यंत पाणी चार बोटं उतरलं होतं. एक अंडं गेलं, एक राहिलं. शेजाऱ्याचे थोडे पऱ्हे वाहून गेले. मी माझे दिले आणि रोवूनही दिले. पुढं ते पिल्लू आईबापामागं तिघांच्याही बांधीतून फिरलं.

आमचे मालगुजारी तलाव जुन्या लोकांनी बांधले. त्यात धानाचं पाणी, ढिवरांची मासोळी, पाखरांचा चारा, सगळंच होतं. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले आणि पुष्कळ ठिकाणी गाळ अन् बेशरमीनं भरले. सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही, असं झालं. पुढं भंडाऱ्याकडच्या ढिवरांनी काही तलावांतली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा मासोळी परत आली. तेही एकट्यादुकट्याचं काम नव्हतंच.

तेव्हापासून एवढंच समजलं आहे. पाणथळ जागा एकाच्या चांगुलपणावर टिकत नाही, कारण पाणी धुरा ओळखत नाही. माझं पुण्य शेजाऱ्याच्या नुकसानीतून उभं राहत असेल, तर आधी त्याचं दार वाजवायला हवं. तो नाही म्हणाला असता तर मी काय केलं असतं? या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. पण फावडं उचलण्याआधी मी त्याच्या दारात गेलो, याचं मात्र समाधान आहे.