खेळतंय म्हणजे दुखत नाही?

"आत्ता तर खेळत होतास, एवढ्यात काय झालं?" सिकलसेल असलेल्या मुलाला हे घरात, वर्गात, कधी दवाखान्यातही ऐकावं लागतं. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार चांगलाच ओळखीचा आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पाठ, मांड्या, छाती ठणकू लागते. बाहेरून बहुतेकदा काहीच दिसत नाही. रक्त तपासलं की आजार कळतो. आज किती दुखतंय हे मात्र मूलच सांगू शकतं.

आणि मुलाच्या सांगण्यावर आपला भरवसा कमी. वैद्यकशास्त्राचाही नव्हता. तान्ह्या बाळांना वेदना नीट कळत नाहीत, या समजुतीने १९८०च्या दशकापर्यंत कित्येक शस्त्रक्रिया अपुऱ्या भुलीवर उरकल्या गेल्या. वेदनाशामक नीट दिलं तर अपुऱ्या दिवसांची बाळंही अधिक चांगली सावरतात, हे डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७मध्ये दाखवून दिलं. बाळं त्याआधीही रडतच होती.

रोज दुखणारं मूल रोज रडत नाही. ते मोबाइलमध्ये डोकं घालतं, भावंडांशी पत्ते खेळतं, कारण तेवढा वेळ मन दुसरीकडे राहतं. पंधरा-सोळा वर्षांची मुलं तर सांगणंच सोडतात. सांगितलं की आईचा रोज बुडतो.

शाळेतल्या पाण्याचंच बघा. अंगातलं पाणी कमी झालं की कळा उठू शकतात, म्हणून या मुलांनी भरपूर पाणी प्यायचं असतं. त्यात या आजारात मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, सारखं लघवीला जावं लागतं. दर तासाला उठून परवानगी मागायची, वर्गाने हसायचं, मुलींच्या संडासाला कडी नसायची. मग मुली बाटली उघडतच नाहीत आणि रात्री मांड्या धरून बसतात. ही वेदना आजाराची जेवढी, तेवढीच आपली.

हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने कळांचे झटके कमी होतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल दिव्यांगत्वात धरला, २०२३मध्ये सिकलसेल तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासण्या व्हायलाच हव्यात. पण कळवळत आलेल्या मुलाला तासाभरात वेदनाशामक मिळावं, असं जगभरचे तज्ज्ञ सांगतात, ते तालुक्याच्या दवाखान्यातही पाळलं गेलं पाहिजे. खरंच दुखतंय का, ही चौकशी त्या तासात नको.