आप्त

झाशीत आमच्यासारखी जी मराठी घरं उरली आहेत, त्यांत ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक. शेजारच्या हिंदी घरांत या अर्थानं हा शब्द कोणी वापरत नाही. चरकसंहितेत तर आप्त म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा तो. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात परीक्षेचे चार मार्ग दिले आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. ज्याच्या मनात रज-तम उरले नाहीत आणि ज्याचं ज्ञान निर्मळ आहे, तो आप्त. असा माणूस खोटं कशाला बोलेल?

म्हणजे अट दुहेरी आहे. नुसती माया पुरत नाही.

ग्वाल्हेरच्या माझ्या आत्याची माया निर्विवाद. तिनं माझ्या मुलासाठी एक चूर्ण पाठवलं आणि फोनवर म्हणाली, “ते इन्सुलिन बंद कर आता. महिन्यात साखर जाते.” मुलाला टाइप १ मधुमेह आहे. त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेततं. “कुणी सांगितलं, आत्या?” “अरे, मी सांगतेय ना!” यावर काय बोलायचं? चूर्ण नाकारलं की तिलाच नाकारल्यासारखं होतं.

डब्यावर परवाना क्रमांक होता. या गावात बैद्यनाथचा कारखाना आहे, केंद्रीय आयुर्वेद संशोधन संस्था आहे. असल्या क्रमांकाला इथं वजन असतं. पण तो परवाना औषध बनवण्याचा, आजार जाईल याची हमी देणारा नव्हे. उलट मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी जाहिराती येतातच. २०२४ मध्ये पतंजलीला अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे माफी मागावी लागली, वर्तमानपत्रांतही छापावी लागली.

हे सगळं मी आत्याला ऐकवलं नाही. चरकाची युक्ती मला जास्त कामाची वाटली: अनेक कारणं मिळून एक परिणाम होतो, ती सगळी पाहायची. म्हणून तिलाच विचारलं, साखर गेली ती कुणाची, मधुमेह कोणता, आणखी काय चालू होतं?

दोन दिवसांनी तिचा फोन आला. शेजारच्या आजोबांची होती. म्हातारपणी लागलेली. गोड बंद केलं होतं, सकाळचं फिरणं सुरू होतं, आणि डॉक्टरांच्या गोळ्याही.

“गोळ्यांचं त्यांनी मला सांगितलंच नव्हतं रे,” आत्या म्हणाली.